नाकावर भेटू

१

सिरसाळ्यात कुणालाही विचारा, चाँद पेंटरचं घर कुठंय. सांगणारा आधी हसेल, मग हात करून दाखवेल. का हसला, ते विचारू नका. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि सगळ्यांत मीच आहे.

माझी एक खोड होती. मिठाईच्या दुकानाचा बोर्ड रंगवला की जिलबीवर एक माशी काढायची. अशी काढायची की मालक फडकं घेऊन धावला पाहिजे. चार जण बघत असताना तो ती हाकलायचा, माशी काही उडायची नाही, आणि मी समोरच्या हॉटेलात बशीतला चहा सांडेपर्यंत हसायचो.

सगळ्यात जास्त फसायचा तो माझा भागीदार, शहादेव. बोर्ड आम्ही दोघांनी मिळून रंगवलेला, माशी मी काढणार हे त्याला पक्कं ठाऊक, तरी दुसऱ्या दिवशी दुकानापुढनं जाताना त्याचा हात उठायचाच. डावा हात. शहादेव डावखुरा होता आणि आमचा सगळा धंदा त्या डाव्या हातावर उभा होता.

त्याचं असं आहे. उजव्या हातानं रंगवणारा बोर्डाच्या डाव्या कडेनं सुरू करतो, म्हणजे ओल्या रंगावर मनगट घासत नाही. डावखुरा उजव्या कडेनं सुरू करतो. म्हणून एकाच बोर्डावर आम्ही दोघं एकदम चालायचो, मी इकडनं, तो तिकडनं. अक्षरंसुद्धा तो शेवटापासून मागं लिहीत यायचा. दुसऱ्या पेंटरला एक बोर्ड व्हायचा तोवर आमचे ब्रश धुऊन झालेले असायचे.

माणसाचं चित्र असलं की मधोमध नाक यायचं. एक नाकपुडी माझी, एक त्याची. म्हणून बोर्ड लावला की शहादेव ब्रश डब्याच्या काठावर दोनदा आपटायचा, टक टक, आणि म्हणायचा, "चला चाँदभाई, नाकावर भेटू."

नाक झालं की काम झालं. मग त्या बोर्डाला कुणी हात लावायचा नाही. ब्रश धुवायचे, सायकलला टांग मारायची आणि घरी जायचं. असा आमचा कायदा होता.

चुकलो नाही असं नाही. हरिबाच्या दुकानाचा बोर्ड करताना मी इकडनं 'हरिबा हेअर कटिंग' लिहीत आलो आणि शहादेव तिकडनं 'सलून' लिहून त्याच्या अलीकडं 'कटिंग' लिहीत आला. भेटलो तेव्हा बोर्ड झाला होता 'हरिबा हेअर कटिंग कटिंग सलून'. आम्ही तोंड लपवायला जागा शोधतोय, आणि हरिबा खाली उभा राहून वाचतोय. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लोक म्हणतील, ह्यो डबल काटतो."

तो बोर्ड अजून आहे. बाकी सगळे गेले. फ्लेक्स आला आणि माणसांचे चेहरे मशीनमधून धोतरासारखे निघायला लागले.

शहादेव मागच्या कापसाच्या हंगामात गेला. जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. बोलणं जड झालं होतं. तरी माझ्याकडं बघून म्हणाला, "चाँदभाई, अजून एक बोर्ड हाय आपला."

"कुणाचा बे? आता कोण देतंय बोर्ड?"

तो नुसता हसला. डाव्या हाताची दोन बोटं खाटेच्या लाकडावर आपटली. टक टक.

दुसऱ्या दिवशी अंगणात त्याला शेवटचं बघितलं तेव्हा नाकात कापसाचे बोळे घातलेले होते. मी इतकी नाकं रंगवली, पण त्या पांढऱ्यावरून नजर हलवता येईना.

२

धाकटी सून मुनिरा शाळेत चित्रकला शिकवते. मी तिला मास्तरीण म्हणतो, ती चिडते, म्हणून अजून म्हणतो. घरात आमची दखनी चालते, पण तुम्ही मराठी वाचणारे, तुम्हाला कशाला त्रास.

या वर्षी परळीला कलाशिक्षकांचं प्रदर्शन ठरलं. घरातल्या जुन्या कलाकाराचंही एक चित्र आणा असं त्यांना सांगितलेलं. मुनिरा माझ्यापुढं येऊन बसली.

"अब्बा, तुम्ही स्वतःचं चित्र काढायचं. पण आहे तसं नाही. सर्रिअल."

"सर? तू तर मॅडम हायस."

"मजाक नक्को अब्बा. स्वप्नात कसं, जिथं जे नसतं तिथं ते असतं? कानाच्या जागी दुसरंच काही, डोळ्याच्या जागी दुसरंच. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हा माणूस आतून कसा आहे."

"म्हणजे सरळ न्हाई ते सर्रिअल."

"तसंच समजा."

"मग माझा फोटो लाव की. मी कुठं सरळ हाय?"

ती हसली, पण उठली नाही. मग हळूच म्हणाली, "शहादेवकाका गेल्यापासून तुम्ही ब्रश धरलेला नाही. मला तुमचं प्रदर्शन नको, अब्बा. तुम्ही परत रंगवायला पाहिजे."

आता यावर काय टवाळी करणार? मी डोकं खाजवलं आणि पत्र्याच्या खोलीची किल्ली मागितली.

३

पत्र्याची खोली आमच्या परसात आहे. धंद्याचं उरलंसुरलं सगळं तिथं. नांदूरघाटच्या दुकानाचा परत आलेला बोर्ड, तंबू टॉकीजच्या हिरोचं अर्धं डोकं, गंजलेले डबे. दार उघडलं की टर्पेंटाइनचा वास असा येतो की वाटतं आत्ता कुणीतरी 'उशीर केला बे' म्हणणार. एका डब्यात शहादेवचा ब्रश. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, मला आणून दिलेला. डाव्या हातानं घासून घासून त्याचे केस उलट्या बाजूला तिरके झालेत. तो ब्रश माझ्या हातात बसत नाही.

मी प्लायला पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, वाळवला. आरसा टेकवला. आरशात बघून काढायचं म्हणजे बोर्डावर उजवं ते माझंही उजवंच. डाव्या कडेनं सुरुवात केली.

आणि काय सांगू, मजा आली! कानाच्या जागी सायकलची घंटी काढली, आमची तेलगावला जायची सायकल होती तिची. डोळ्याच्या जागी तंबू टॉकीजची तिकिटाची खिडकी, आतून एक हात बाहेर आलेला. केसांच्या जागी वाऱ्यानं वाकलेला ऊस. गालावर दुकानाचं शटर, अर्धं वर केलेलं, खाली कुणाच्या तरी चपला. रंगवता रंगवता मी गात होतो. मुनिरा दारातून डोकावून गेली आणि तिनं जाताना दुपट्टा डोळ्याला लावला, तो मला दिसला नाही असं मी दाखवलं.

नाकापाशी आलो आणि हात थांबला.

थकलो म्हणून नव्हे. हाताला सवयच नाही. आयुष्यात मी नाकाच्या पलीकडं कधी गेलोच नव्हतो. पलीकडचं रंगवणारा पलीकडं उभा असायचा. उजवीकडचा प्लाय पांढराफेक पडला होता आणि मला पहिल्यांदा कळलं की अर्धंच तोंड मला येतं. माझा उजवा गाल कसा आहे? मला काय माहीत. बोर्डापुढं उभं असताना शहादेव माझ्या उजवीकडं असायचा. त्या गालाकडं आयुष्यभर त्यानंच बघितलं.

"झालं का अब्बा?"

"अर्धं झालं," मी म्हणालो. "अर्धं उद्या."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नमाज झाल्यावर चहा घेऊन खोलीत गेलो. बोर्डाच्या उजव्या कडेला एक कान होता.

घंटी नाही. कान. साधा, माणसाचा. खालची पाळ जरा फाटलेली. लहानपणी मला बकरीनं ओढलं होतं तिथं. मी स्वतःच्या कानाला हात लावून बघितलं. माझी पाळ फाटलेली आहे, हे मी स्वतः विसरलो होतो.

मी ओरडलो, "मास्तरीण! सासऱ्याचा कान काढतेस होय!"

मुनिरा पिठाचे हात घेऊन आली. बघितलं. म्हणाली, "मस्त काढलाय की."

"तूच काढलास."

"मी? अब्बा, मला असा कान येत असता तर शाळेत शिकवत बसले असते? तुम्हीच काढला आणि मला उल्लू बनवताय."

तिचं बरोबर होतं. माझ्या घरात कुणी काही केलं की नाव माझंच येतं. मी वाकून बघितलं. रंगाचे फटकारे उजवीकडून डावीकडं आलेले. उलटे. पाळीपाशी ब्रश उचलताना राहते ती शेपटी चुकीच्या अंगाला होती.

मनाला म्हटलं, चाँद, म्हातारा झालास. केलं असशील झोपेच्या गुंगीत. म्हाताऱ्या माणसाचं काय, चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधतो.

मग डब्यातला ब्रश बघितला. शहादेवचा. त्याचे केस ओले होते.

त्या दिवशी दुपारी मी कुणाची टिंगल केली नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: अजून एक बोर्ड हाय आपला. आणि नाक झालं की घरी जायचं. शहादेव तर पोचलाय त्याच्या घरी. मग हा बोर्ड झाल्यावर त्याच्यामागं मी कुठं जायचं?

ब्रश होता तिथंच ठेवला आणि खोलीला कुलूप घातलं.

५

कुलपाचा काही उपयोग झाला नाही. गाल आला, जबडा आला. एक गोष्ट मला खटकत होती. उजवीकडं काहीच सर्रिअल नव्हतं. माझ्या बाजूला घंट्या, ऊस, शटर, आणि त्या बाजूला नुसता मी. सुरकुत्या, दाढीचे खुंट, डोळ्याखालची पिशवी. इतका खरा की माझी बाजू सर्कशीतली वाटायला लागली. मास्तरणीनं सांगितलं होतं, आतून कसा आहे ते दिसलं पाहिजे. तर आतून मी असा, हसणं काढून ठेवलेला.

भुवईवर एक तांबडी रेघ होती. तेवढी चुकली होती. माझ्या भुवईला काही नाही. म्हटलं, शहाद्या, तुझाही हात आता थरथरतोय.

बोललो आणि स्वतःच दचकलो. कुणाशी बोललो मी?

मग एका सकाळी परसात हौदापाशी पाय घसरला. उजवी भुवई हौदाच्या काठावर आपटली. फार नाही, पण रक्त आलं. तसाच रुमाल धरून हरिबाकडं गेलो. दाढी करायचीच होती.

हरिबानं तुरटी दाबली. मग नेहमीसारखं दोन बोटांत माझं नाक धरलं, वस्तरा लावला, आणि थांबला.

"चाँदभाई, एक बोलू? रागावू नका."

"तू नाक धरलंस, मी कसा रागावू."

"तुमचा ह्यो उजवा गाल..." त्यानं मान वाकडी करून बघितलं. "डावीकडं वस्तरा कसा रोजच्यासारखा चालतोय. ह्या बाजूला कातडी गार लागतीय. शहादेवभाऊची शेवटची दाढी मीच केलती, तशी." मग घाईनं म्हणाला, "वारं असंल. थंडी पडाया लागलीय."

"डबल काटू नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो. पण आरशात मी उजवीकडं बघितलं नाही.

घरी आलो. मुनिरानं मला चित्राशेजारी उभं करून भुवईवरची जखम आणि चित्रातली रेघ ताडून बघितली. तिचं तोंड उतरलं. "अब्बा," ती म्हणाली, "हा मजाक मला आवडला नाही."

"मला तरी कुठं आवडला?"

६

मुनिरा शिकलेली. तिनं मोबाइल काढला. जेवण झाल्यावर मी खोलीत खुर्चीवर डुलकी घेतो, तेव्हा तो खिडकीत उभा करून ठेवायचा, म्हणजे मी झोपेत उठून रंगवतो का ते कळेल, असं तिचं म्हणणं. मलाही पटलं. खरं तर तसंच निघावं म्हणून मी दुआ मागितली.

संध्याकाळी आम्ही दोघं चुलीपाशी बसून बघत होतो. मोबाइल जरा वाकडा बसलेला, बोर्ड चित्रात आलाच नव्हता. आलो होतो मी, खुर्चीत, तोंड उघडं. पत्र्यावर ऊन. बाहेरून कापसाचा ट्रक गेल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मुनिरा म्हणाली, "बघा, तुम्ही हललाही नाहीत." तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात टक टक.

डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज. खोलीतूनच.

मी खुर्चीत तसाच होतो. हात मांडीवर, डोळे मिटलेले. आणि झोपेतच मी हसलो. स्वतःशी नव्हे. उजवीकडं कुणीतरी काहीतरी बोलल्यावर माणूस जसा तिकडं मान करून हसतो, तसा.

मुनिरानं मोबाइल पालथा ठेवला.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली. पण त्या भीतीच्या पोटात दुसरंही काही होतं. किती दिवसांनी मला कुणीतरी हसवलं होतं. आयुष्यभर मीच हसवत आलो. मला हसवणारा एकच माणूस होता. तो काय बोलला असेल, ते ऐकायची अशी हाव सुटली की मी दुसऱ्या दिवशी झोप येईना तरी खुर्चीत डोळे मिटून बसलो. काही ऐकू आलं नाही. फक्त बिडीचा वास आला. बिडी तर बाहेरही कुणी ओढत असेल.

७

प्रदर्शनाची गाडी सकाळी येणार होती. बोर्ड दोन्ही बाजूंनी भरला होता. मधे राहिली होती फक्त नाकाएवढी पांढरी जागा. त्याच्याकडनं शहादेव अगदी कडेला येऊन थांबला होता. वाट बघत. हाही आमचा कायदाच, आधी पोचेल त्यानं थांबायचं.

मुनिरानं वरवर धीर धरला होता. "एवढंच राहिलंय ना? भरून टाकू, पाठवून देऊ, घरातून जाऊ दे हे." तिनं ब्रश उचलला, रंग घेतला. "उजव्या नाकपुडीच्या जागी तर पांढरंच राहिलंय बघा, प्लाय दिसतोय."

मी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं.

प्लाय नव्हता तो. पांढरा रंग होता, मुद्दाम दिलेला. बारीक, मऊ, कडेला कापसासारखे तंतू सुटलेले. त्याच्या वाट्याच्या नाकपुडीत तेवढं त्यानं आधीच करून ठेवलं होतं.

"मुनिरा, हात मागं घे."

"अब्बा..."

"मागं घे म्हणतो ना!"

लग्न होऊन आल्यापासून मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. तिच्या हातातून ब्रश पडला. तिला म्हणालो, "बेटा, नाक झालं की घरी जायचं असतं. शहादेवचा आणि माझा कायदा आहे तो." तिला काय कळायचं ते कळलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. उजवा हात. म्हणाली, "किती गार पडलाय."

मग माझं डोकं चाललं. इतक्या वर्षांचं टवाळ डोकं ऐन वेळी कामाला येणारच. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, काळा रंग घेतला, आणि त्या पांढऱ्या जागेत मधोमध एक माशी काढली. पंखावर चमक, पायाला केस. अशी माशी मी जन्मात काढली नव्हती.

"हे काय?" मुनिरा रडत होती आणि हसतही होती.

"त्याचा वेळ खाणार," मी म्हणालो. "माशी बसली असेल तर शहादेव रंगवत नाही. आधी हाकलतो."

सकाळी आलेली गाडी परत पाठवली. खोलीत बघितलं तर माशी फिसकटलेली होती. बोटानं झटकल्यासारखी, उजवीकडून डावीकडं. नाक मात्र रिकामं.

मी पोट धरून हसलो. मेला तरी फसतोय!

८

त्यानंतर माझा रोजचा धंदा ठरला. दुपारी माशी काढायची, सकाळी फिसकटलेली बघायची, पांढरा हात द्यायचा, नवी काढायची. कधी बसलेली, कधी पाय चोळणारी. लोक विचारतात, चाँदभाई, अलीकडं खुशीत दिसता. दिसणारच. परत दोघं कामावर आहोत. सकाळी खोलीचं कुलूप काढताना सायकलवरून नांदूरघाटला निघाल्यासारखं वाटायचं. मुनिराही जरा सावरली. ती म्हणायची, चालू द्या अब्बा, असंच चालू द्या.

आज सकाळी माशी जशीच्या तशी होती.

मी जवळ गेलो. लांब गेलो. एक पाय हललेला नाही. बाजूला त्याचा ब्रश, ओला. पण बोर्डावर कुठं नवा फटकारा नाही, सगळं कालच्यासारखंच. मग रंगवलं काय त्यानं? जरा वाईटही वाटलं. म्हटलं, शहाद्या, कंटाळला का बे? शिकला का शेवटी?

तसाच चहा प्यायला बाहेर आलो. मुनिरा चहा देता देता हसली, माझ्या तोंडाकडं बोट करून म्हणाली, "अब्बा, माशी." आणि दुपट्ट्यानं वारा घातला.

मी हात हलवला.

"अजून बसलीये."

परत हलवला. तिचं हसू हळूहळू गेलं. मी भिंतीवरच्या आरशापुढं गेलो. नाकाच्या शेंड्यावर, मधोमध, जरा उजवीकडं, माशी बसली होती. पंखावर चमक, पायाला केस. मी बोटानं झटकली.

ती उडाली नाही. फिसकटली. बोट काळं झालं. रंग ओला होता.

मुनिरा माझा दंड धरून उभी आहे, सोडत नाही. तिनं नवऱ्याला, माझ्या पोराला, शेतातून बोलावलंय, डॉक्टरला फोन लावलाय. मी इतका हसलो की डोळ्यातून पाणी आलं. मानलं बे तुला शहाद्या. आयुष्यभर फसला आणि शेवटची बाजी मारून गेला.

हसताना एकदा श्वास अडकला. आता तोंडानंच घेतोय. उजवी नाकपुडी चोंदलीय. काही नसेल. कापसाचे दिवस आहेत, ट्रक जातात, तंतू हवेत उडतात.